कुठे आहेस?



माझ्या टेबलाच्या खालच्या खणात काय काय आहे, हे धर्मशिक्षणाच्या वर्गाला येणाऱ्या मुलांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. बारीक स्क्रूड्रायव्हरचा संच, चिमटा, सोल्डरगन, तीन मेलेले मोबाईल, एक पोट उघडलेला रेडिओ आणि कोणकोणत्या चार्जरच्या वायरी. लहानपणी वडिलांचा रेडिओ उघडून मी मार खाल्ला होता. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना वसतिगृहातले सगळे टेबललॅम्प माझ्याकडे यायचे. आज मिस्सा संपली की दोन-तीन जण थांबतात आणि हळूच म्हणतात, "फादर, हा फोन जरा बघता का?"

या छंदात पाप नाही. उलट, हाताने वस्तू उघडून ती कशी चालते हे समजून घेणे ही देवाने माणसाला दिलेली देणगी आहे. ७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी संतपदी गौरवलेला कार्लो अकुतिस हा इटलीतला मुलगा असाच होता. संगणकाची भाषा तो स्वतःच शिकला आणि पवित्र मिस्सेशी संबंधित चमत्कारांची माहिती त्याने इंटरनेटवर मांडली. २००६ साली, अवघ्या पंधराव्या वर्षी, तो देवाघरी गेला. व्हिडिओ गेम त्यालाही आवडत, पण किती वेळ खेळायचे याची मर्यादा त्याने स्वतःच घालून घेतली होती. यंत्र हाती घ्यावे, पण आपण यंत्राच्या हाती जाऊ नये, हे त्याला त्या वयात कळले होते.

मला ते चाळिशी उलटून गेल्यावरही नीट कळले नव्हते. आज मी आपल्याला माझीच एक चूक सांगणार आहे. ही गोष्ट पापनिवेदनातली नाही, आणि ज्या घरात ती घडली त्या घरातल्या तिघांनीही ती सांगायला मला परवानगी दिली आहे. ओळख पटेल अशा खुणा मी बदलल्या आहेत. कोण असेल याचा अंदाज कृपया बांधत बसू नका.

त्याआधी एक छोटा प्रसंग सांगतो, म्हणजे पुढचे समजायला सोपे जाईल.

१५ ऑगस्ट २०२१ पासून आपल्या राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्याने स्वतःच्या रानात जाऊन मोबाईलवर पिकाचा फोटो काढायचा आणि पेरा सातबाऱ्यावर नोंदवायचा. आपल्यातले एक आजोबा सोयाबीनची नोंद करायला गेले आणि तासाभराने तणतणत माझ्याकडे आले. "फादर, ह्यो फोन म्हणतोय मी माझ्या रानात नाहीच! आज्याच्या वेळंपासून आमची वहिती हाय तिथं. मग मी उभा हाय ती जागा कुणाची म्हनायची?"

मी त्यांच्यासोबत रानात गेलो. आजोबा बांधावरच्या दाट आंब्याखाली उभे राहून फोटो काढत होते, आणि फोनही जुना होता. त्यांना उघड्यावर आणले, फोन आकाशाकडे धरून दोन-तीन मिनिटे थांबलो आणि नोंद झाली. आजोबांनी विचारले, "म्हंजी वरचा उपग्रह मला बघत व्हता व्हय?"

नाही, आजोबा. हे आपण सर्वांनी समजून घेण्यासारखे आहे. जमिनीपासून सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवर हे उपग्रह फिरतात. प्रत्येकात अत्यंत अचूक घड्याळ असते. उपग्रह फक्त एवढेच सांगत राहतो की मी अमुक जागी आहे आणि आता इतके वाजले आहेत. आपला फोन चार किंवा अधिक उपग्रहांचे हे सांगणे ऐकतो, कोणाचा संदेश पोहोचायला किती वेळ लागला ते मोजतो आणि त्यावरून आपण कुठे उभे आहोत याचा हिशेब स्वतःच मांडतो. उपग्रहाला आपला पत्ता नसतो. आपल्या चर्चच्या घंटेसारखेच आहे हे. घंटा वाजते, ऐकणाऱ्याला वेळ कळते. पण कोणी ऐकली, कोण अंथरुणातच लोळत पडला, हे घंटेला कळत नाही.

मग आपला ठावठिकाणा दुसऱ्याला कळतो कसा? फोनने मांडलेला हिशेब कोणते तरी अ‍ॅप उचलते आणि इंटरनेटवरून दुसरीकडे पाठवते. मोबाईल कंपनीलाही आपण कोणत्या टॉवरच्या आसपास आहोत ते ठाऊक असते. म्हणजे आपल्यावर नजर आकाश ठेवत नाही, माणूस ठेवतो. म्हणूनच हा विज्ञानाचा प्रश्न नाही. हा माणसामाणसांतल्या नात्याचा प्रश्न आहे, आणि म्हणून तो वेदीसमोर आणण्याजोगा आहे.

आता माझी चूक.

आपल्यातल्या एका घरातली मुलगी पुण्याला शिकते. सुट्टीत घरी आली असताना तिच्या फोनची काच फुटली. ती माझ्याकडे आली. "फादर, दुकानात फार पैसे सांगतात, तुम्हीच बघा ना." तिने फोन दिला, आणि तो उघडून पाहता यावा म्हणून पिनही सांगितला. संध्याकाळी तिचे वडील आले. साधा, कष्टाळू माणूस. एकुलत्या एका लेकीसाठी कर्ज काढलेले. ते म्हणाले, "फादर, काच तर बदलताच आहात, तर एवढं एक करा. लेकरू कुठं जातंय, कुठं येतंय, एवढं माझ्या फोनवर दिसलं की मला झोप लागंल. तिला सांगू नका, उगं चिडंल."

मी थोडा थांबलो. पण फार थांबलो नाही. बापाची काळजी मला खरी वाटली, आणि ती खरीच होती. शिवाय, खोटे कशाला बोलू, हे आपल्याला जमते याचा थोडा अभिमानही होता. दहा मिनिटांचे काम. मी ते करून दिले. दुसऱ्या दिवशी मुलीने नवी काच पाहिली, दोन्ही हात जोडून "थँक्यू फादर" म्हणाली आणि पुण्याला गेली.

पुढचे चार महिने तो बाप एका निळ्या ठिपक्यासोबत जगला. सकाळी ठिपका कॉलेजात, दुपारी मेसवर. पण संध्याकाळी सहा ते नऊ तो एका अनोळखी इमारतीत जाऊन थांबायचा. रोज. बाप फोन करून विचारायचा, "कुठं आहेस?" मुलगी म्हणायची, "रूमवर आहे, पप्पा." ठिपका मात्र त्या इमारतीतच. या माणसाची झोप गेली. ज्या झोपेसाठी हे सारे केले होते, तीच गेली. बायकोशी बोलेना, कामात लक्ष लागेना. शेवटी एके रात्री त्यांनी एसटी पकडली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या इमारतीच्या फाटकाशी ते तीन तास उभे राहिले.

नऊच्या सुमारास मुलगी बाहेर आली. सोबत सात-आठ वर्षांची दोन मुले, तिला फाटकापर्यंत पोचवायला आलेली. त्यांच्या घरी ती शिकवणी घेत होती. बापाने बजावले होते, "काम करायचं नाही, मी आहे ना, तू फक्त शिक." पण घरच्या कर्जाचा आकडा तिला ठाऊक होता. मेसचे पैसे ती स्वतः भरत होती, आणि बापाला वाईट वाटू नये म्हणून खोटे बोलत होती.

फाटकाशी बापाने विचारले, "इथं काय करतीस?" तिने उत्तर दिले नाही. तिने उलट विचारले, "पप्पा, तुम्हाला इथलं कसं कळलं?"

यापुढचे काय सांगू? तिने फोन तपासला. कोणी, कधी, कसे केले ते तिच्या लक्षात आले. त्या नाताळात ती गावी आली, पण मध्यरात्रीच्या मिस्सेला आली नाही. जानेवारीत मी तिला निरोप पाठवला की मला तुझी क्षमा मागायची आहे. ती आली, दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "फादर, पप्पा काळजी करतात याचा मला राग नाही. पण ते मला विचारायचे, कुठं आहेस? उत्तर हातात असताना विचारायचे. मी खरं सांगते की खोटं, ते बघायला. आणि तुमच्या हातात तर मी फोन माझ्या मनानं दिला होता."

बंधू-भगिनींनो, मी सेमिनरीत तीन वर्षे तत्त्वज्ञान शिकलो. पण त्या मुलीच्या या चार वाक्यांनी मला जे शिकवले ते कोणत्याही पुस्तकाने शिकवले नव्हते.

त्या रात्री मी पवित्र शास्त्र उघडले. उत्पत्तीच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय आपल्याला पाठ आहे. आदाम आणि हव्वा यांनी फळ खाल्ले, त्यांना लाज वाटली आणि ते झाडांआड लपले. देव बागेत आला आणि त्याने आदामाला हाक मारून तो कुठे आहे हे विचारले. लहानपणी मला वाटायचे, देवाला हे ठाऊक नव्हते का? सर्वज्ञ देवाला विचारण्याची गरज काय?

आता माझ्या मनात दुसराच प्रश्न आला. देवालाही उत्तर ठाऊक होते आणि त्यानेही विचारले. त्या बापालाही ठाऊक होते आणि त्यानेही विचारले. मग फरक कोणता?

फरक विचारण्याच्या हेतूत आहे. बापाने विचारले ते पकडण्यासाठी. देवाने विचारले ते आदामाला स्वतःहून झाडाआडून बाहेर येता यावे म्हणून. देवाला ते झाड ओढून काढता आले असते. त्याने तसे केले नाही. तो हाक मारून थांबला. लपलेल्या माणसाला बोलण्याची संधी त्याने दिली. आदामाने ती संधी नीट वापरली नाही, दोष बायकोवर ढकलला. तरीही त्याच अध्यायाच्या शेवटी देव काय करतो? त्या दोघांसाठी चामड्याची वस्त्रे करतो आणि त्यांना घालतो. ज्यांचे सारे उघडे पडले आहे, त्यांना तो झाकतो. खरे प्रेम दुसऱ्याचे सर्व काही जाणते, पण त्याची लाजही राखते.

अठराव्या शतकाच्या अखेरीस जेरेमी बेंथॅम नावाच्या इंग्रज विचारवंताने एका तुरुंगाचा आराखडा मांडला होता. कोठड्या गोलाकार, मधोमध एक मनोरा. मनोऱ्यातल्या पहारेकऱ्याला सगळे कैदी दिसतात, पण कैद्यांना पहारेकरी दिसत नाही. तो पाहतो आहे की नाही हे कधीच कळत नसल्यामुळे कैदी सदैव पाहिले जात असल्यासारखेच वागतात. पुष्कळ लोक देवाला या मनोऱ्यातला पहारेकरी समजतात. आपणही लहान मुलांना म्हणतो ना, "बघ हं, देव बघतोय!" मुलाने लाडू उचलू नये एवढ्यासाठी आपण परमेश्वराला शिपाई करून टाकतो.

स्तोत्र १३९ वाचून पाहा. स्तोत्रकर्त्याला जाणवते की आपण बसलो, उठलो, कुठेही गेलो तरी देवाच्या नजरेबाहेर जाऊ शकत नाही. आधी तो जणू बावरतो. पण स्तोत्राच्या शेवटी तोच माणूस देवाला विनंती करतो की तू माझे अंतःकरण तपासून पाहा. ज्याच्यापासून पळायला जागा नाही, त्यालाच तो स्वतःहून आत बोलावतो. आपल्याला पाहणारा आपल्याला घडवणारा आहे, आपल्या बाजूचा आहे, हे त्याला उमगले म्हणून. मनोऱ्यातल्या पहारेकऱ्याला कोणी कैदी अशी विनंती करत नाही.

कोणी म्हणेल, "फादर, बोलायला सोपे आहे. तुम्हाला मुलेबाळे नाहीत." खरे आहे. म्हणून मी आपल्याला नासरेथच्या घराकडे नेतो. येशू बारा वर्षांचा असताना सण आटोपून मरिया आणि योसेफ यरुशलेमहून निघाले. मुलगा सोबतीच्या घोळक्यात असेल असे समजून ते एक दिवसाची वाट चालले. तो नव्हता. मग माघारी फिरले आणि तिसऱ्या दिवशी तो त्यांना मंदिरात सापडला (लूक २). तीन दिवस! कोणत्या आईच्या पोटात त्या तीन दिवसांत कालवाकालव झाली नसेल? पवित्र मरियेने आपले दुःख लपवले नाही. तुला शोधताना आम्हाला यातना झाल्या, हे तिने मुलाला उघडपणे सांगितले. त्याचे उत्तर त्या दोघांना समजले नाही, असे लूक स्पष्ट लिहितो. पण मरियेने सारे अंतःकरणात जतन केले, आणि येशू त्यांच्यासोबत घरी गेला व त्यांच्या आज्ञेत राहिला.

मुलगा कुठे होता हे तिला शेवटी कळले. तो तिथे का होता, हे कळायला तिला सारे आयुष्य लागले. आईबापहो, हीच आपली खरी अडचण आहे. मूल कुठे आहे हे आज फोन सांगतो. ते तिथे का आहे, हे फक्त मूलच सांगू शकते, आणि तेही भीती वाटत नसेल तरच. त्या बापाला ठिपका अगदी बरोबर दिसत होता. इमारत बरोबर, वेळ बरोबर, मजला तेवढा दिसत नव्हता. पण लेक तिथे आपल्याच कर्जासाठी राबते आहे, हे ठिपक्याने सांगितले नाही.

हा प्रश्न केवळ घरापुरता नाही. गेल्या दशकाच्या अखेरीस नागपूर महानगरपालिकेने सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएस घड्याळे बांधली. कामगार नेमून दिलेल्या जागी आहे की नाही हे कार्यालयात बसून दिसावे म्हणून. १ जानेवारी २०२३ पासून रोजगार हमीच्या कामावर मजुरांची हजेरी मोबाईल अ‍ॅपवर, जागेची नोंद असलेल्या फोटोसह, दिवसातून दोनदा लावणे सक्तीचे झाले. बोगस हजेरी रोखायला हवी, यात शंका नाही. गरिबाच्या नावावर दुसऱ्यानेच पैसे उचलावेत हेही पापच आहे. पण एक गोष्ट आपल्या नजरेतून सुटू नये. हातात झाडू आणि खोरे असलेल्या माणसावर अशी नजर आधी पडते, आणि त्या हातांत झाडू कोणत्या समाजाचा असतो हे मी आपल्याला सांगायला नको.

येथे मला हागारची आठवण होते (उत्पत्ती १६). परदेशी दासी, गरोदर, मालकिणीच्या जाचाला कंटाळून रानात पळालेली. अब्राहाम आणि सारा यांच्या तोंडी ती केवळ दासी आहे. झऱ्याजवळ प्रभूचा दूत तिला गाठतो आणि प्रथमच तिला तिच्या नावाने हाक मारतो. ती कोठून आली, कोठे चालली, हे विचारतो. आणि ही दासी देवालाच एक नाव देते, मला पाहणारा देव. मालकाची नजर तिच्यावर रोजच होती, पण मालकाने तिला कधी पाहिलेच नव्हते. नजर ठेवणे आणि पाहणे यांत एवढे अंतर आहे.

आपल्या देशाच्या न्यायालयानेही माणसाची ही मर्यादा जपली आहे. खासगी आयुष्य हा माणसाचा मूलभूत हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. पुढे ८ जुलै २०२४ रोजी न्या. अभय ओक आणि न्या. उज्ज्वल भुयान यांनी सांगितले की, जामिनावर सुटलेल्या आरोपीने आपले ठिकाण गूगल मॅप्सवरून तपास अधिकाऱ्याला दाखवत राहावे, अशी अट घालता येणार नाही. विचार करा. गुन्ह्याचा आरोप असलेल्या माणसालाही न्यायालयाने एवढे दिले. मी त्या निरपराध मुलीला तेवढेही दिले नव्हते.

मग ठावठिकाणा कळूच नये का? तसे मी म्हणत नाही. लोहारा भागातल्या एका वृद्ध गृहस्थांनी मला ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट सांगितली होती. अनंत चतुर्दशीची रात्र सरत होती. ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. किल्लारी, सास्तूर आणि भोवतालची गावे दगडमातीच्या ढिगाऱ्यात गेली. त्या पहाटे मोबाईल नव्हता, नकाशा नव्हता, बाहेरची मदत अजून पोचायची होती. लोक हाताने दगड उपसत होते. ते गृहस्थ म्हणाले, "शेजारीण वरडून सांगत व्हती, म्हातारी रोज पडवीत झोपायची, पर काल थंडी वाजती म्हनून आतल्या खोलीत गेली, तिथं उकरा! तिथं उकरलं. म्हातारी जित्ती निघाली."

त्या शेजारणीला म्हातारीचा ठावठिकाणा नेमका ठाऊक होता. पण तो तिला कळला कसा? संध्याकाळी ओट्यावर बसून दोघी बोलल्या होत्या म्हणून. म्हातारीने स्वतः सांगितले होते, थंडी वाजते, आज आत झोपते. अशी माहिती प्रेमातून येते, आणि वेळ आली की जीव वाचवते. फोनचा उपयोगही असाच व्हावा एवढेच माझे म्हणणे आहे.

म्हणून, प्रियजनहो, या आठवड्यासाठी मी आपल्यासमोर काही गोष्टी ठेवतो.

पहिली, कोणाच्याही फोनमध्ये त्याच्या नकळत काही घालू नका. नवऱ्याने बायकोच्या, बायकोने नवऱ्याच्या, बापाने सज्ञान लेकीच्या, कोणीच नाही. मूल लहान असेल आणि त्याचे ठिकाण कळणे गरजेचे वाटत असेल, तर त्याला समोर बसवून सांगा, का ते सांगा, आणि वय वाढेल तशी दोरी सैल करा. ज्यांनी असे आधीच केले आहे त्यांनी आज घरी जाऊन ते सांगून टाकावे. कठीण आहे. मी केले आहे, म्हणून सांगतो.

दुसरी, ठिकाण कळवायचे असेल तर उघडपणे आणि ठरावीक वेळेपुरते कळवा. रात्रीच्या बसने येणारी मुलगी, विसरभोळे झालेले आजोबा, दसऱ्या-दिवाळीनंतर कळंब, वाशी, भूम, परंड्याकडून ऊसतोडीला निघालेल्या टोळ्या. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत आईबाप रात्रभर प्रवास करतात आणि लेकरे आजीजवळ मागे राहतात. अशा एखाद्या लेकराला आईने आपणहून लोकेशन पाठवले आणि ते झोपण्याआधी नकाशावर बोट ठेवून आजीला म्हणाले, "आई आता इथं आलीया," तर तो ठिपका जपमाळेच्या मण्यासारखा पवित्र आहे.

तिसरी, कोणाच्या जाचाची भीती असेल आणि तो माणूस आपल्या फोनवर नजर ठेवतो अशी शंका असेल, तर एकट्याने काही करू नका. दुसऱ्याच्या फोनवरून विश्वासाच्या माणसाशी बोला. संकटात ११२, आणि महिलांसाठी १८१ हे क्रमांक लक्षात ठेवा. माझे दार आहेच.

चौथी, फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन लोकेशन पाहण्याची परवानगी कोणाकोणाला दिली आहे ते बघा. बॅटरी अ‍ॅपला किंवा पत्त्यांच्या खेळाला आपण कुठे आहोत हे कळण्याचे काही कारण नाही. नको ते बंद करा. जमत नसेल तर पुढच्या रविवारी मिस्सेनंतर मी व्हरांड्यात खुर्ची टाकून बसणार आहे, स्क्रूड्रायव्हरसह. मात्र आता एक नियम केला आहे. ज्याचा फोन, तो माझ्यासमोर बसलेला हवा. दुसऱ्याचा फोन मी उघडणार नाही, मग आणणारा बाप असो, नवरा असो की आपल्या मंडळाचा अध्यक्ष असो.

त्या मुलीचे काय झाले, असे आपण विचाराल. सगळे पहिल्यासारखे झाले असे मी म्हणणार नाही. ती घरी येते तेव्हा अजूनही फोन उशाखाली ठेवते. बापाने तिची क्षमा मागितली. आपल्या लेकराची क्षमा मागणारा बाप मी प्रथमच पाहिला. मग तिने शिकवणीबद्दल सांगितले, आणि बापाने कर्जाचे कागद तिच्यापुढे ठेवले. आता दोघे मिळून हप्ता भरतात. आणि मागच्या महिन्यात रात्रीच्या बसने येताना तिने स्वतःहून बापाला लोकेशन पाठवले, फक्त त्या प्रवासापुरते. बाप मला ते दाखवायला आला होता. म्हणाला, "फादर, हा ठिपका तिनं दिलाय बघा." बार्शी सोडून बस पुढे निघाली होती. तो माणूस त्या ठिपक्याकडे पाहत रडत होता.

सर्वज्ञ देव आपल्यावर पाळत ठेवत नाही, तो आपल्याला हाक मारतो. आपणही आज घरी गेल्यावर एकमेकांना तसेच विचारू या. फोनवर "कुठे आहेस?" असे विचारून झाले की, "कसा आहेस? कशी आहेस?" असेही विचारू या. आणि जे उत्तर मिळेल त्यावर विश्वास ठेवू या.

हरवलेल्या प्रत्येकाला शोधत येणारा आणि सापडलेल्याला खांद्यावर घेणारा उत्तम मेंढपाळ येशू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो. आमेन.

आपला ख्रिस्ताठायी,
धर्मगुरू